न उघडणारे डबे

घाटकोपरच्या स्थानकावर सकाळीं नऊच्या सुमारास उभें राहिलें म्हणजे एक चमत्कारिक देखावा दृष्टीस पडतो. मुलुंडकडून आलेली लोकल गाडी शेंकडों माणसें फलाटावर ओतते. तीं माणसें जिने चढतात, पुलावरून जातात, रांगा लावतात, आणि वर उभ्या असलेल्या मेट्रोंत स्वतःस पुन्हां भरून घेतात. अंधेरीस हाच प्रकार उलट्या दिशेनें घडतो. 8 जून 2014 रोजीं वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मेट्रो सुरू झाली आणि पूर्व व पश्चिम उपनगरांची केवढी तरी सोय झाली, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु मुलुंडास डब्यांत बसलेल्या गृहस्थानें त्याच डब्यांतून वर्सोव्यास उतरावें, हें मात्र होणें नाहीं. त्याचीं कारणें पुष्कळ आहेत. पण डोळ्यांस दिसणारें साधें कारण हें कीं, लोकलच्या दोन रुळांत 1,676 मिलिमीटरांचें अंतर आहे आणि मेट्रोच्या दोन रुळांत 1,435 मिलिमीटरांचें. फरक 241 मिलिमीटरांचा. म्हणजे चांगल्या उंच माणसाच्या हाताची एक वीत!

ही वीत आतां आमच्या घरांतही शिरली आहे. चिरंजीवांनीं पेनड्राइव्हवर आणलेला चित्रपट टीव्ही उघडीत नाहीं. पुण्याच्या भाच्यानें मोबाईलवरून पाठविलेलीं मुंजीचीं छायाचित्रें आमच्या संगणकावर दिसत नाहींत. वीस वर्षांपूर्वींच्या एका लग्नाची तबकडी कपाटांत आहे, पण ती ज्यांत घालावी तें यंत्रच घरांत उरलेलें नाहीं. पडद्यावर एक रुक्ष ओळ उमटते. तिचा भावार्थ इतकाच कीं, हा प्रकार या यंत्रास मान्य नाहीं. घरांतील वडीलधाऱ्या मंडळींस ती ओळ अपमानासारखी वाटते. कुलूप लागलेल्या पेटीची किल्ली हरवली तर माणूस स्वतःस बोल लावतो. येथें किल्ली हरवलेली नाहीं, पेटी फुटलेली नाहीं, आणि तरीही आंतील वस्तु हातीं येत नाहीं.

आमच्या सौभाग्यवतींनीं एकदां या बाबतींत आम्हांस बिनतोड प्रश्न विचारला. "दोन्ही फाइलींच्या नांवापुढें एमपीफोर असेंच लिहिलें आहे ना? मग एक टीव्हीवर चालते आणि दुसरीस तो ओळखही दाखवीत नाहीं, असें कां हो?" उत्तर देण्यासाठीं आम्हांस त्यांच्याच फडताळाचा आश्रय घ्यावा लागला. फडताळांतल्या डब्याच्या आकारावरून आंत काय आहे तें कळत नाहीं. त्याच उभट डब्यांत शेव असेल, चिवडा असेल, किंवा पोरांची नजर पडूं नये म्हणून दडविलेले बेसनाचे लाडूही असतील. एमपीफोर, एव्हीआय, एमकेव्ही हीं डब्यांचीं नांवें आहेत. आंत चित्र एका रीतीनें भरलेलें असतें आणि आवाज दुसऱ्या रीतीनें. या दोन्ही रीति ओळखीच्या असल्या तरच यंत्र तो पदार्थ पानांत वाढतें. डबा ओळखीचा पण पदार्थ अनोळखी असें झालें म्हणजे तें हात वर करतें.

हा सारा भरण्याचा खटाटोप करावयाचा तरी कशाला, असें कोणी विचारील. त्यास उत्तर आंकड्यांचें आहे. हल्लींच्या साधारण बऱ्या टीव्हीवर आडवे 1,920 आणि उभे 1,080 ठिपके असतात. सेकंदास 25 चित्रें धरून प्रत्येक ठिपक्याचा रंग जसाच्या तसा लिहूं म्हटलें तर एका मिनिटास 9 गिगाबाइटांहून अधिक जागा लागेल, आणि दोन तासांच्या चित्रपटास 1,100 गिगाबाइटांवर. म्हणून कारकुनी युक्ति योजतात. मागच्या चित्रांत जी भिंत होती तीच याही चित्रांत असली तर ती पुन्हां लिहावयाची नाहीं. हललेला हात तेवढा लिहावयाचा. आपले वाडवडील पत्राच्या आरंभीं 'शि. सा. न. वि. वि.' असें लिहीत, त्यांतलाच हा प्रकार. ज्यास ही रूढि ठाऊक आहे त्यास शिरसाष्टांग नमस्कार सबंधच्या सबंध पोंचतो. ज्यास ठाऊक नाहीं त्याच्या पदरीं पांच अक्षरें पडतात. एच.264 नांवाची चित्र भरण्याची रीत 2003 सालची, आणि तिच्याहूनही कमी जागेंत काम भागविणारी एच.265 ही 2013 सालची. त्यापूर्वीं घडविलेल्या टीव्हीस हीं नवीं संक्षेपाक्षरें कोणी शिकवावीं? त्यांत त्या बिचाऱ्याचा कांहीं अपराध नाहीं.

अपराध कोणाचाच नाहीं, असें मात्र आम्हांस म्हणवत नाहीं. पण तें पुढें.

नव्वदनंतरच्या दशकांत आणि त्यापुढेंही कांहीं वर्षें आमच्या उपनगरांत व्हीसीडीचें राज्य होतें. 1993 सालीं चार बड्या कंपन्यांनीं मिळून या तबकडीचे नियम ठरविले. तिच्यांत 74 मिनिटांचा खेळ मावे. मराठी नाटककारांनीं आपले अंक 74 मिनिटांच्या हिशेबानें लिहिलेले नसल्यामुळें दुसऱ्या अंकाच्या ऐन रंगांत, नायिका उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार इतक्यांत, तबकडी संपे. आणि कोणीतरी उठून दुसरी घालीपर्यंत ती बिचारी उंबऱ्यावरच उभी राही. बोरीवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहांत किंवा मुलुंडच्या कालिदास नाट्यगृहांत तिकीट काढून नाटक पाहिलेलीं माणसें तेंच नाटक पुढें घरीं तबकडीवर पाहत, आणि प्रयोग चांगला होता कीं तबकडी, यावर वाद घालीत. त्या तबकडींतील चित्र आडवें 352 आणि उभें 288 ठिपक्यांचें. आजच्या टीव्हीच्या तुलनेनें विसावा हिस्सा. त्यामुळें मोठ्या पडद्यावर ती लावली असतां वधूवरांचीं मुखें पावसांत भिजलेल्या रांगोळीसारखीं दिसतात. तरीही माणसें तीं पाहतात. कारण त्या रांगोळींत आतां हयात नसलेले आजोबा अक्षता टाकतांना दिसतात.

आमच्या एका स्नेह्यांचे चिरंजीव न्यू जर्सीस असतात. दादरला खरेदी केलेल्या मराठी नाटकांच्या डीव्हीडी त्यांच्या मातोश्रींनीं लोणच्याच्या बरण्यांबरोबर मोठ्या निगुतीनें तिकडे नेल्या. लोणचें अमेरिकेंत शिरलें. नाटकें दारावरच अडलीं. एक तर त्या व्यापाऱ्यांनीं सारें जग विभागांत वांटून घेतलें होतें. भारताच्या वांट्यास पांचवा विभाग आला होता आणि अमेरिकेच्या वांट्यास पहिला. पांचव्याची खूण असलेली तबकडी पहिल्याच्या यंत्रांत चालूं नये अशी मुद्दाम केलेली व्यवस्था. दुसरी अडचण याहून जुनी. 2 ऑक्टोबर 1972 रोजीं मुंबई दूरदर्शन सुरू झालें तें सेकंदास 25 चित्रांच्या हिशेबानें, कारण आपल्याकडील विजेचे झोके सेकंदास 50. अमेरिकेंत ते 60, म्हणून तेथें जवळजवळ 30 चित्रें. आणि चित्रपट तर सर्व जगांत 24 चित्रांचा! तो 25 च्या पद्धतींत बसवितांना बहुधा सरळ थोडा जलद फिरवीत. वेग शेंकडा चारांनीं वाढे आणि त्याबरोबर गायिकेचा षड्जही किंचित् वर सरके. आमच्या परिचयाचे एक संगीतशिक्षक आपल्या आवडत्या चित्रपटांतील गाण्याची पट्टी तबकडीशीं आणि टीव्हीशीं कां जुळत नाहीं म्हणून वर्षानुवर्षें आपल्या पेटीवर संशय घेत असत. पेटी निर्दोष होती.

याहून विलक्षण प्रकार म्हणजे मुका टीव्ही. चित्रपट उघडतो, रंग सुरेख असतात, माणसें ओठ हलवितात. पण ध्वनि नाहीं. आवाज भरण्याच्या कांहीं रीति विशिष्ट कंपन्यांच्या मालकीच्या आहेत, आणि त्या उलगडण्याची परवानगी टीव्ही करणाऱ्यानें पैसे मोजून घ्यावी लागते. कोणी तो खर्च वांचवितो, आणि ग्राहकास तें दुकानांत कोणी सांगत नाहीं. 1932 सालीं 'अयोध्येचा राजा'नें मराठी चित्रपटास वाचा दिली. ती आज एका परवान्यापायीं जावी! मुंजीच्या छायाचित्रांचा घोटाळाही याच जातीचा. भाच्याच्या मोबाईलनें छायाचित्रें हेइक नांवाच्या नव्या डब्यांत भरलीं होतीं, जो 2017 पासून त्या जातीच्या मोबाईलांत रूढ झाला. डबा उत्तम आहे. जवळजवळ निम्म्या जागेंत तेंच छायाचित्र मावतें. परंतु तो उघडण्यासाठीं जी रीत लागते तीवर अनेकांचे हक्क आहेत.

येथेंच आम्हांस अपराध दिसतो. प्रकार अनेक असावेत, नवे निघावेत, यांस आमची हरकत नाहीं. नवी रीत निघाली नसती तर आजही आमचें नाटक 74 मिनिटांत तुटत राहिलें असतें. हरकत आहे ती रीत लपवून ठेवण्यास, किंवा ती वापरण्यास दरवाज्यावर पहारा बसविण्यास. 2017 सालच्या एप्रिलांत एमपीथ्रीच्या परवान्यांचा कार्यक्रम तिच्या जर्मन जनकांनीं बंद केला, कारण पेटंटांची मुदत सरली होती. तेव्हां 'एमपीथ्री मेली' अशा बातम्या जगभर झळकल्या. वास्तविक झालें होतें उलट. ती प्रथमच सर्वांची झाली होती; तिचें यंत्र कोणीही करावें, कोणास कांहीं देणें नाहीं. मालकाचा हक्क सरला कीं वस्तु मेली असें समजणारें हें युग मोठें मौजेचें खरें! अंधेरीच्या रिक्षांत, बोरीवलीच्या पोळीभाजी केंद्रांत, घाटकोपरच्या गणपतीच्या मांडवांत ती मेलेली एमपीथ्री आजही मोठ्यानें गात आहे. मांडवाशेजारीं राहणाऱ्यांस ती थोडी मरावी असेंही कधीं कधीं वाटतें, हा भाग निराळा.

या गोंधळांत परोपकारी माणसेंही आहेत. पॅरिसजवळच्या एका तांत्रिक विद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं 1996 च्या सुमारास जें काम आरंभिलें त्यांतून व्हीएलसी नांवाचा कार्यक्रम निघाला. 2001 पासून तो सर्वांस मोफत आहे आणि त्याची रचना कोणासही पाहतां येते. तो यंत्रावर अवलंबून राहत नाहीं. नाना प्रकारचे डबे उघडण्याच्या युक्त्या आपल्या झोळींतच घेऊन येतो. आमच्या मुंबईकर वाचकांस याची उपमा घरचीच सांपडेल. 3 फेब्रुवारी 1925 रोजीं बोरीबंदर ते कुर्ला अशी पहिली विजेची गाडी धावली ती 1,500 व्होल्टांच्या, एकाच दिशेनें वाहणाऱ्या विजेवर. पुढें सर्वत्र 25,000 व्होल्टांच्या, दिशा बदलणाऱ्या विजेचा स्वीकार झाला, आणि उपनगरी मार्गही तीवर नेण्याचें ठरलें. पश्चिम मार्गावरील हें परिवर्तन 2012 सालीं पुरें झालें आणि मध्य मार्गाचें 2015-16 सालीं. मधल्या वर्षांत एक टप्पा जुन्या तारेखालीं, तर दुसरा नव्या. त्या काळीं दोन्ही प्रकारची वीज पचविणाऱ्या गाड्या धावत. आणि आंत बसून वर्तमानपत्र वाचणाऱ्या गृहस्थास डोक्यावरची वीज बदलल्याचा पत्ताही लागत नसे. व्हीएलसी ही तसली गाडी आहे. गंमत अशी कीं 2022 च्या फेब्रुवारींत या कार्यक्रमाचें संस्थळच भारतांत बंद झालें, आणि तें नोव्हेंबरांत पुन्हां उघडलें. सगळीं कुलुपें उघडणाऱ्याच्या स्वतःच्या दारास कुलूप!

मराठी माणसास आणखी एक दुःख आहे. गाणें उघडलें, वाजलें, तरी त्याचें नांव दिसेल याची खात्री नाहीं. कित्येक मोटारींतील संगीतयंत्रांस देवनागरी ठाऊक नसते. ज्या ठिकाणीं अभंगाचें नांव यावें तेथें सहा चौकोन ओळीनें उभे राहतात, आणि सारे अभंग सारखेच दिसतात. युनिकोडाची पहिली आवृत्ति 1991 सालीं निघाली, तींत देवनागरी होती. पण 'ॲ' हें मराठीस रोज लागणारें अक्षर तींत स्वतंत्रपणें 2008 सालीं आलें. त्यापूर्वींच्या यंत्रांवर त्या जागीं अजूनही चौकोनच उमटतो. मधल्या काळांत आपल्याकडे जें मराठी संगणकावर लिहिलें गेलें त्यांतील पुष्कळसें तर मराठी नव्हतेंच. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचीं चित्रें बसविलेलीं असत. ठरावीक टंक ज्याच्यापाशीं नाहीं त्यास तो सारा लेख अर्थहीन रोमन अक्षरांचा ढीग दिसे. या मासिकासारख्या पत्रांच्या संपादकांनीं असे ढीग किती उपसले असतील, तें त्यांचें त्यांस ठाऊक.

परंतु हा रोग संगणकानें आणला असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. आमच्या आजोबांच्या पेटींत मोडी कागदांचें एक दप्तर आहे. कागद शाबूत आहे, शाई काळीभोर आहे, डोळे आमचेही बरे आहेत. आणि आम्हांस त्यांतील एक ओळ वाचतां येत नाहीं. शेंकडों वर्षें महाराष्ट्राचा सारा व्यवहार ज्या लिपींत चालला ती 1950 च्या आसपास शाळांतून आणि कचेऱ्यांतून उठली, आणि दोन पिढ्यांत घरोघरचे दस्तऐवज बंद डबे झाले. पुण्याच्या पेशवे दप्तरांत असे कागद कोट्यवधि आहेत. वाचणारे मात्र फार थोडे. 2014 सालीं मोडीस युनिकोडांत स्थान मिळालें, ही आनंदाची गोष्ट. पण अक्षरास जागा मिळणें निराळें आणि तें वाचणारा मिळणें निराळें. याउलट लाखेची जुनी तबकडी पाहा. बालगंधर्वांच्या 78 फेऱ्यांच्या तबकडीवरील रेघ इतकी निष्कपट आहे कीं कागदाचा शंकु करून त्याच्या टोकास सुई लावली आणि तबकडी फिरविली तरी तींतून आवाज निघतो. तीस परवाना लागत नाहीं, कार्यक्रम लागत नाहीं, वीजही लागत नाहीं. आमचे शास्त्रज्ञ मित्र या विधानावर हंसतात, आणि असली तबकडी हातून पडली तर काय होतें असें विचारतात. त्यांचें म्हणणें खरें आहे. फुटलेल्या तबकडीस तोड नाहीं, आणि फाइलीच्या प्रती हव्या तितक्या होतात.

प्रती मात्र कोणीतरी करीत राहिलें पाहिजे, आणि जुन्या डब्यांतून नव्यांत ओतीत राहिलें पाहिजे. तूप एका भांड्यांतून दुसऱ्यांत ओततांना कांठास थोडें राहतेंच. आवळून भरलेला आवाज पुन्हां निराळ्या रीतीनें आवळून भरला तर त्याचाही थोडा अंश दर वेळीं जातो. पण न ओतावें तर भांड्यासकट सारेंच जातें. जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह हें याचें आमच्या डोळ्यांसमोरचें उदाहरण. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ या दोघांनीं 1980 नंतरच्या दशकांत खेड्यापाड्यांतील बायांच्या ओव्या गोळा करण्यास आरंभ केला. हा सांठा पुढें एक लाखाहून अधिक ओव्यांचा झाला. बर्नार्ड बेल हे संगीताचे व संगणकाचे जाणते त्यांस येऊन मिळाले, आणि सुमारें 120 तासांचें ध्वनिमुद्रण झालें. गिरण्या आल्या, जातीं थांबलीं, गाणाऱ्या कित्येक बाया निवर्तल्या, संग्राहकही गेले; तरी 2017 सालापासून मुंबईच्या 'पारी' या संस्थेच्या संस्थळावर त्या ओव्या आपल्यास मोबाईलवर ऐकतां येतात. फीत, आंकड्यांच्या फाइली, जुने टंक, नवे टंक, इतक्या वेळां हा ऐवज एका डब्यांतून दुसऱ्यांत गेला असला पाहिजे. ज्यांनीं तें ओतण्याचें काम केलें त्यांचीं नांवें ओवींत येत नाहींत.

संस्थांस हें साधतें. घरांस साधेल का, हा प्रश्न आमच्या उपनगरांत सध्यां फार निकडीचा झाला आहे, आणि त्याचें कारण संगणक नसून पुनर्विकास आहे. मुलुंडास, घाटकोपरास, बोरीवलीस तीन-चार मजल्यांच्या जुन्या इमारती पाडून मनोरे उठत आहेत. जागा सोडतांना माळे रिकामे होतात, आणि नव्या घरास माळा नसतो. पितळेचीं भांडीं मोडींत जातात, त्यांचे निदान पैसे येतात. ध्वनिफितींचे खोके आणि तबकड्यांच्या चळती यांस भंगारवालाही मोठ्या नाखुषीनें हात लावतो. पावसाळ्याच्या दमट हवेनें फितींवर बुरशीचे पांढरे ठिपके आलेले असतात. 'यांत काय आहे?' असें विचारावें तर उत्तर देणारें माणूस घरांत नसतें, आणि लावून पाहावें तर यंत्र नसतें.

आमच्या थोरल्या मावशी, ज्यांस सारें गणगोत माई म्हणे, मुलुंडास पूर्वेकडील अशाच एका इमारतींत राहत. 2005 सालच्या दिवाळींत त्यांच्या पुतण्यानें खिशांत मावणारें एक ध्वनिमुद्रण यंत्र आणलें आणि माईंपुढें ठेविलें. माई प्रथम लाजल्या, मग ओव्या गायल्या, भूपाळी म्हटली, आणि पुढें राजापूरकडच्या आपल्या माहेरच्या गोष्टी सांगत बसल्या. अशीं सात मुद्रणें झालीं. पुतण्यानें तीं एका सीडीवर उतरून त्यांच्यापाशीं दिलीं. 2009 सालीं माई गेल्या. 2023 सालीं इमारत पाडण्याची नोटीस आली तेव्हां ती सीडी चादरींच्या घडींत सांपडली. सीडी वाचणारें यंत्र आम्हीं शेजाऱ्यांकडून आणलें. सातही फाइली नीट दिसल्या. एकही उघडली नाहीं.

ज्या परदेशी कंपनीनें तें यंत्र केलें होतें तिनें आवाज भरण्याची रीत स्वतःपाशींच ठेविली होती. ती उलगडणारा कार्यक्रमही तिचाच, आणि तो नव्या संगणकांवर चालत नव्हता. आम्हीं कंपनीस लिहिलें. फार नम्र शब्दांत उत्तर आलें कीं त्या यंत्राचा पाठपुरावा आतां बंद आहे. व्हीएलसीनेंही हात टेकले. माई आपल्या घरांत, आपल्या भाषेंत, आपल्या माणसांपुढें बोलल्या होत्या. आणि त्यांचा आवाज ऐकावा कीं नाहीं हें सातासमुद्रापलीकडच्या एका कचेरीनें आपल्या सोयीनें ठरवून टाकलें होतें. आमच्या मावसबहिणीचा, म्हणजे माईंच्या कन्येचा, त्या दिवशींचा चेहरा आम्ही विसरलेलों नाहीं. आई दुसऱ्यांदां गेली, असें कांहीं ती म्हणाली नाहीं. ती फक्त चादरी पुन्हां घडी करीत बसली.

शेवटीं घाटकोपरच्या एका गल्लींत संगणक दुरुस्त करणारा एक तरुण भेटला. एका छापखान्याच्या जुन्या यंत्रासाठीं त्यानें 2001 सालच्या धर्तीचा एक संगणक जिवंत ठेविला होता. फाइली पाहून तो म्हणाला, "काका, फाईल बिघडलेली नाहीं हो. हिला ओळखणारं कोणी राहिलेलं नाहीं, इतकंच." कोठून कोणास ठाऊक, त्यानें तो जुना कार्यक्रम मिळविला, आठ दिवस खटपट केली, आणि पांच फाइली साध्या, सर्वांस ठाऊक असलेल्या, न आवळलेल्या प्रकारांत काढून दिल्या. पैसे किती असें विचारतां त्यानें जी रक्कम सांगितली ती ऐकून आमच्या मावसबहिणीनें दुसऱ्या दिवशीं त्याच्या दुकानीं पुरणपोळ्या पोंचविल्या.

माईंचा आवाज त्यांत आहे, पण सबंध नाहीं. त्या यंत्रानें सेकंदास 8,000 वेळां आवाजाची नोंद घेतली होती. त्यामुळें सेकंदास 4,000 आंदोलनांवरचे ध्वनि तींत मुळींच नाहींत, आणि 'स'चा सीत्कार तर बहुतेक तेथेंच वसतो. म्हणून ओवींत 'सासर' हा शब्द येतो तेव्हां कोणी फुंकर घातल्यासारखें ऐकूं येतें. 'माहेर' मात्र स्वच्छ येतें. ऐकणाऱ्या बायकांनीं याचा जो अर्थ लावावयाचा तो लगेच लावला.

दोन फाइली राहिल्या आहेत. शेपूट तेंच, पण अधिक वेळ मावावा म्हणून त्या दुसऱ्या, अधिक आवळ रीतीनें भरलेल्या आहेत, आणि तीस तो जुना कार्यक्रमही ओळख देत नाहीं. त्यांच्या प्रती तीन घरीं आहेत: अंधेरीस पुतण्याकडे, नव्या मुलुंडच्या घरीं, आणि आमच्याकडे. प्रत्येकीबरोबर मावसबहिणीनें स्वतःच्या हातानें कागदावर यंत्राचें नांव, सन आणि कार्यक्रमाचें नांव लिहून ठेविलें आहे. फाइलींच्या आकारावरून त्या तरुणानें अंदाज सांगितला कीं मोठी फाईल पाऊण तासाची असावी. एका जागीं पाऊण तास बसून माई काय बोलल्या असतील याविषयीं आमच्या घरांत दोन मतें आहेत. मावसबहिणीचें म्हणणें, राजापूरच्या घराच्या वांटणीची हकीकत असणार; आमच्या सौभाग्यवतींचें म्हणणें, वांटणी पांच मिनिटांत आटपली असेल, बाकीचा सारा वेळ फणसाच्या सांदणांस गेला असला पाहिजे.